रिपोर्ट सगळे नॉर्मल, डॉक्टर म्हणतात स्ट्रेस आहे. स्ट्रेसनं खरंच एवढं सगळं होतं का?

अर्धवट_झोप

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचत असते पण आज विचारतेच. गेलं वर्ष-दीड वर्ष माझं काही ना काही चालूच आहे. सकाळी उठलं की जबडा दुखतो, मान आणि खांदे असे आखडलेले असतात की मागे बघायचं तर मान वळत नाही, अख्खी मीच वळते, पोटाचं तर विचारूच नका, एक दिवस साफ होत नाही आणि दुसऱ्या दिवशी बाथरूममधून बाहेर यायची सोय नाही. रात्री दहालाच डोळे मिटायला लागतात पण तीन-साडेतीनला टक्क जाग येते आणि मग डोक्यात उद्याची यादी सुरू. सर्दी तर मुक्कामालाच आलीय. आणि चिडचिड! परवा मुलाच्या हातून साधं पेन खाली पडलं तर मी अशी ओरडले की तो नुसता बघतच राहिला.

घरचं सांगायचं तर वडिलांना डिमेन्शिया आहे, ते आमच्याकडेच असतात, रात्री उठून दार उघडून बाहेर जायला बघतात, त्यामुळे माझा एक कान कायम दाराकडे. वर फुलटाइम ऑफिस. भाऊ लांब असतो, फोनवर सल्ले देतो.

रक्त, थायरॉइड, शुगर, ईसीजी, सोनोग्राफी सगळं करून झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले स्ट्रेस आहे, टेन्शन घेऊ नका. नवरा म्हणतो चला, म्हणजे काही झालेलं नाही. आता मला कळत नाहीये की जबडा, पोट, सर्दी, झोप हे सगळं एकाच गोष्टीनं होऊ शकतं का, की काही सापडलं नाही म्हणून स्ट्रेसचं लेबल चिकटवून मोकळे झाले? आणि टेन्शन घेऊ नका म्हणजे नक्की करायचं काय, मी काय ते हौसेनं घेतलंय?

---

खारूताई

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

जबड्याचं सांगते, आधी डेंटिस्टला दाखव. मी कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे चकरा मारत होते, कान ठणठणीत. मग दाताच्या डॉक्टरनं आरशात दाखवलं, मागच्या दाढांचे उंचवटे घासून सपाट झालेले आणि गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी वळी उठलेली. झोपेत दात खात होते, मला पत्ताच नाही. दिवसासुद्धा लक्ष ठेव, कॉम्प्युटरसमोर बसलीस की वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का बघ. जेवताना आणि गिळताना सोडून ते टेकायला नकोत, ओठ मिटलेले आणि दात सुटे असं पाहिजे. मी तर दर पाच मिनिटांनी स्वतःला पकडायचे.

---

जुना_फळा

मी फिजिऑलॉजी शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगून ठेवतो.

अर्धवट_झोप ताई, पहिलं म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि काही झालेलं नाही या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही केलेल्या टेस्ट बिघाड बराच पुढे गेला की दाखवतात. शरीर रोज किती ओढाताण करून ते आकडे नॉर्मल ठेवतंय हे त्यात दिसत नाही.

आता होतं काय ते. संकट दिसलं की दोन यंत्रणा कामाला लागतात. पहिली काही सेकंदांत, नसांमधून आणि ॲड्रेनॅलिनमधून. छाती धडधडते, बीपी चढतं, स्नायू ताठतात, यकृत साखर बाहेर सोडतं आणि पचनाचं काम बाजूला पडतं कारण पळायचं असताना पचवत कोण बसणार. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१५ च्या पुस्तकात हे मांडलं, लढा किंवा पळा म्हणतात ते हेच. दुसरी यंत्रणा सावकाश, काही मिनिटांत चालू होते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथींना सांगते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. लोकांनी उगाच कॉर्टिसॉलला व्हिलन करून टाकलंय. ते नसेल तर माणूस जगणार नाही. पहाटेपासून ते वाढायला लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. शिवाय पुरेसं झालं की ते स्वतःच मेंदूला बास म्हणून सांगतं आणि सगळं थंड होतं.

घोटाळा आहे तो या थंड होण्यात. परीक्षा, भांडण, अपघात टळणं, हे ताण येतात आणि जातात, त्यानं तब्येत बिघडत नाही. पण ज्याला शेवटच दिसत नाही, रोज रात्री एक कान दाराकडे ठेवायचा आहे, तिथे बास म्हणायची वेळच येत नाही. हान्स सेली या शास्त्रज्ञानं माँट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग केले होते, थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्यं असे अगदी वेगवेगळे त्रास दिले तरी आत सापडायचं तेच, ॲड्रेनल ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीची थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि जठरात व्रण. १९३६ साली त्यानं ते छापलं. म्हणजे एकाच कारणानं एवढं सगळं कसं, हा तुमचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पुढे १९९३ मध्ये ब्रूस मॅकइवन आणि इलियट स्टेलर यांनी या सततच्या झिजेला ॲलोस्टॅटिक लोड असं नाव दिलं.

तुमच्या तक्रारी घ्या. स्नायू तासन् तास अर्धवट ताठ, म्हणून मान, खांदे, जबडा. आतड्याला स्वतःचं नसांचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत बोलणी चालू असतात, ताणात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठं आतडं उलट घाईला येतं, त्यामुळे कधी असं कधी तसं. पहाटेची जाग, तर रात्रीच्या उत्तरार्धात झोप तशीही सावध असते, कॉर्टिसॉल चढायला लागलेलं असतं, आणि तुमचा मेंदू पहाऱ्यावर.

सर्दीचं तर थेट तपासलेलं आहे. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी ३९४ निरोगी माणसांना आधी ताणाबद्दल प्रश्न विचारले, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून त्यांना वेगळं ठेवलं. ज्यांचा ताण जास्त त्यांना संसर्ग होण्याचं प्रमाण पायरी-पायरीनं जास्त. १९९१ चं काम. नंतर त्यांनीच दाखवलं की महिनाभर किंवा त्याहून जास्त चाललेला ताण खरा नडतो, थोड्या दिवसांचा नाही. कारण असं दिसतं की कॉर्टिसॉलचा मारा फार दिवस चालला की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात आणि सूज आवरायचं त्याचं काम ढिलं पडतं.

एक अजून सांगतो आणि थांबतो कारण ते तुमचंच आहे. १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी डिमेन्शियाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्यांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. लहान अभ्यास आहे, मान्य, पण कातडी भरून येणं हे काही मनाचे खेळ नव्हेत. हे तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा.

---

शंकासुर

फळासरांचं बरोबर आहे पण मी माझ्या नावाला जागतो.

स्ट्रेसचं लेबल लावून मोकळं होण्याचा इतिहास काही चांगला नाही. अल्सर म्हटलं की टेन्शनवाला माणूस असं डॉक्टरसुद्धा वर्षानुवर्षं म्हणायचे. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू वाढवून दाखवला, कोणी मानेना म्हणून मार्शलनं १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन घेतला आणि आजारी पडून दाखवलं, २००५ मध्ये दोघांना नोबेल. तोवर किती पेशंटना शांत राहा सांगून घरी पाठवलं असेल कोण जाणे. आणि सेलीच्या उंदरांच्या जठरात व्रण होते म्हणून माणसाच्या अल्सरचं कारण तेच, असं होत नाही.

म्हणून विचारतो, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ व्हिटॅमिन बघितलंय का? नुसतं हिमोग्लोबिन नाही. झोपेत घोरता का, मध्येच श्वास अडकतो असं कोणी सांगितलंय का? स्लीप ॲप्नियामध्ये, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजारात, दिवसा थकवा, चिडचिड, सकाळी डोकं जड, सगळं असंच असतं. चाळिशीच्या आसपास असाल तर पाळी जायच्या आधीची हार्मोन्सची गडबडसुद्धा झोप मोडते. आणि शौचात रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी यातलं काहीही असेल तर स्ट्रेस म्हणून अंगावर काढू नका.

जबड्याबद्दल एक. सकाळी उठल्यावर दुखून दिवसभरात कमी होत असेल तर दात खाण्याचंच असेल. पण जिने चढताना किंवा भरभर चालताना जबड्यात, दंडात, पाठीत कळ येते आणि थांबलं की जाते असं असेल तर ते हृदयाचं असू शकतं, बायकांमध्ये छातीत न दुखता असंही येतं. मग फोरमवर विचारत बसायचं नाही, सरळ निघायचं.

---

जुना_फळा

शंकासुर, शेवटच्या पॅऱ्याला पूर्ण अनुमोदन. अल्सरच्या गोष्टीचा मात्र पुढचा भाग राहिला. जंतू अर्ध्याअधिक जगाच्या पोटात असायचा आणि अल्सर त्यातल्या थोड्यांनाच व्हायचा. २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या लोकांच्या अभ्यासात जंतू असो-नसो, जास्त ताण असलेल्यांना पुढे अल्सर जास्त झाला असं दिसलं. तेव्हा जंतू की ताण असं भांडण लावण्यात अर्थ नाही, दोघं मिळूनही उद्योग करतात.

हृदयाचंही तेच. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले पहिला हार्ट ॲटॅक आलेले ११ हजारांवर पेशंट होते, त्यांनी आधीच्या वर्षात कामाचा किंवा घरचा सततचा ताण होता असं निरोगी लोकांपेक्षा बरंच जास्त सांगितलं.

---

शंकासुर

ॲटॅक आल्यावर विचारलं सर. आयसीयूमध्ये पडलेला माणूस गेलं वर्ष आठवणार तर टेन्शनच आठवणार. पण ठीक आहे, तंबाखू, बीपी, शुगरबरोबर ताणही यादीत आहे एवढं मी मान्य करतो. आणि ताणात असलेला माणूस सिगारेट वाढवतो, चालणं बंद करतो, गोळ्या विसरतो, नुकसानीचा बराच भाग त्या वाटेनंही येतो.

---

फिट_गुरुजी

ताई हा सरळसरळ ॲड्रेनल फटीग आहे. ग्रंथी थकल्यात. घरच्या घरी लाळेतून कॉर्टिसॉल टेस्ट होते ती करा आणि मग सप्लिमेंट्सचा कोर्स. डिटेल्स हवे असतील तर मेसेज करा.

---

शंकासुर

आलेच! ॲड्रेनल फटीग हा एंडोक्रायनॉलॉजीच्या, म्हणजे हार्मोन्सच्या शास्त्राच्या, कुठल्याच पुस्तकातला आजार नाही. ताणानं ग्रंथी थकून बंद पडत नाहीत. ॲड्रेनल खरोखर निकामी होणं म्हणजे ॲडिसन्स, तो वेगळा आणि गंभीर आजार, आणि कॉर्टिसॉल भलतंच जास्त होणं म्हणजे कुशिंग्ज, हे दोन्ही आजार डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात आणि त्याच्या टेस्ट ठरलेल्या पद्धतीनं होतात. एकदा थुंकून आलेल्या आकड्यावरून रोजच्या ताणाचं काही ठरत नाही कारण तो आकडा तासातासाला बदलतो. आणि हर्बल म्हणजे निर्धोक हा गैरसमज, अश्वगंधासारख्या गोष्टीनंसुद्धा क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आणखी गोंधळ.

---

अर्धवट_झोप

बाप रे, एवढं सगळं लिहिलंत, खूप खूप आभार. नवऱ्याला जखमेचा अभ्यास वाचून दाखवला, काही बोलला नाही पण रात्री बाबांकडे मी बघतो म्हणाला, एवढंही खूप आहे. घोरते म्हणे मी. विचारते डॉक्टरांना. जिने चढताना काही दुखत नाही.

एक गोष्ट मघाशी लिहिली नव्हती कारण लिहायचीच भीती वाटली. माझ्या काहीच लक्षात राहत नाही आजकाल. ऑफिसमधल्या माणसाचं नाव आठवेना, रोज भेटतो तो. फोन हातात धरून फोन शोधत होते. एकच मेल तीनदा वाचते. बाबांचं असंच सुरू झालं होतं. मला पण तेच होतंय का?

---

निळी_छत्री

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, आणि हा प्रश्न डिमेन्शियाच्या पेशंटना सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकते, तेव्हा एकटी नाहीयेस. इथे बसून निदान कोणी करू शकत नाही पण तू लिहिलेल्यात एक गोष्ट महत्त्वाची आहे, विसरल्याचं तुला स्वतःला कळतंय आणि छळतंय, वर ऑफिस, घर, औषधांच्या वेळा सगळं तू चालवतेयस. डिमेन्शियात बरेचदा माणसाला स्वतःला कमी जाणवतं आणि घरच्यांना जास्त खटकतं.

तुझ्या बाबतीत बहुतेक गोष्टी आत शिरतच नसाव्यात. आठवायला आधी नोंद व्हावी लागते आणि नोंद व्हायला लक्ष लागतं. सतत ताण असला की कपाळामागचा मेंदूचा भाग, जो लक्ष धरून ठेवतो, ठरवतो, आवरतो, तो मागे पडतो आणि धोका हुंगणारा अमिग्डाला पुढे येतो. पेन पडल्यावर ओरडलीस ना, तेही त्याचंच. हिप्पोकॅम्पस, जिथे नव्या आठवणी रचल्या जातात, तिथे कॉर्टिसॉल ओळखणारे रिसेप्टर भरपूर असतात, मॅकइवन यांनीच १९६८ मध्ये ते उंदरांत शोधले होते, त्यामुळे त्याला याचा फटका बसतोच. वर अर्धवट झोप.

आता चांगली बातमी. २००९ मध्ये मोठ्या परीक्षेच्या तयारीत पिचलेल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला होता. ताणात असताना त्यांना लक्ष एकावरून दुसऱ्यावर नेणं जड जात होतं आणि स्कॅनमध्येही त्या भागांचे धागे सैल दिसत होते. परीक्षा संपून महिनाभराची विश्रांती मिळाली आणि ते सगळं पूर्ववत झालं. ती तरुण मुलं होती आणि त्यांच्या ताणाला तारीख होती, तुझ्याला नाही, हा फरक आहेच, तरीपण हे परत येणारं असतं. मनातली भीती जावी म्हणून एकदा मेमरी टेस्ट करून घे, बाबांच्या डॉक्टरांकडेच होईल.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, कशातच रस नाही, मी ओझं आहे किंवा हे संपावं असं वाटणं, यातलं काही आहे का? लांबलेला ताण हा डिप्रेशन आणि अँक्झायटीकडे जायचा अगदी मळलेला रस्ता आहे. असेल तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांग, आणि संपवून टाकावं असे विचार येत असतील तर आजच, थांबू नकोस.

टेन्शन घेऊ नका म्हणजे काय, तर माझ्या मते हे वाक्यच बाद करावं. लंडनच्या सरकारी नोकरांवर व्हाइटहॉल नावाचे मोठे अभ्यास झाले, पहिला १९६७ मध्ये सुरू झाला. सगळ्यांना वाटायचं की ताण वरच्या साहेबांना जास्त, हृदयविकारानं तेच जास्त मरत असतील, निघालं उलटंच, खालच्या हुद्द्यावरची माणसं कितीतरी जास्त मेली. दुसऱ्या अभ्यासात दिसलं की आपलं काम कधी आणि कसं करायचं हे ज्यांच्या हातात नाही त्यांना हृदयाचा त्रास जास्त. म्हणजे कामाचा डोंगर नडतोच, पण काहीच आपल्या हातात नसणं जास्त नडतं. म्हणून मी श्वासाच्या व्यायामापासून सुरुवात करत नाही, ओझं कुठून कमी होईल तिथून करते.

तुझं सगळ्यात महाग ओझं रात्रीचं आहे. दार उघडलं की वाजणारा साधा सेन्सर लाव, म्हणजे कान लावून झोपायला नको. बाबा रात्री का उठतात ते त्यांच्या डॉक्टरांना विचार, कधी लघवीची घाई असते, कधी दुखत असतं, कधी एखाद्या गोळीची वेळ बदलून काम होतं. भावाला मदत कर असं सांगू नकोस, त्याला काय करायचं ते कळणार नाही आणि तो परत सल्ला देईल. अमुक शनिवार-रविवार तू येऊन राहा मी घरी नसेन, किंवा रात्रीच्या अटेंडंटचा खर्च तुझा, असं नेमकं सांग. ऑफिसमध्ये कामाची वेळ पुढेमागे करता येते का बघ.

मग बाकीचं. पहाटे जाग आली तर घड्याळ बघू नकोस, वीस-एक मिनिटं तळमळ झाली असं वाटलं तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं कर, झोप आली की परत, आणि सकाळी उठायची वेळ एकच ठेव. उद्याची यादी संध्याकाळीच कागदावर उतरव. निद्रानाशासाठी सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायची बोलून करायची थेरपी) वेगळा प्रकार आहे, तो गोळ्यांइतकाच आणि पुढे टिकायला जास्त चांगला. चालणं जमेल तेवढं. श्वासही कर, सावकाश, सोडताना घेण्यापेक्षा लांब, त्यानं नाडी खरोखर उतरते, पण भाऊ येऊन राहण्याला तो पर्याय नाही.

---

अर्धवट_झोप

उदास आहे पण संपवावं वगैरे नाही, बाबांसोबत जुनी गाणी लावते तेव्हा बरं वाटतं. भावाला आत्ताच मेसेज टाकलाय, तारखांसकट. ब्लू टिक आल्यात, उत्तर नाही अजून 😐 सेन्सर मागवला.

---

खारूताई

उत्तर नाही आलं तर फोन कर आणि स्पीकरवर नवऱ्याला बसव.

---

पावसाळी_बेडूक

धागा हायजॅक करतोय, सॉरी. माझं उलटंच झालंय. फार वाईट नोकरी होती, सोडून तीन महिने होत आले, आता छान चाललंय, झोप येते, आणि आत्ता केस मुठीनं गळायला लागलेत. टेन्शन होतं तेव्हा एक केस गेला नाही. हे काय लॉजिक?

---

जुना_फळा

लॉजिक आहे. मोठा ताण, ताप, ऑपरेशन, बाळंतपण अशा धक्क्यानं बरेचसे केस वाढायचं थांबवून एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात, पण जागेवरून सुटायला त्यांना २-३ महिने लागतात. त्यामुळे तुम्ही आज जे गळताना बघताय ते जुन्या नोकरीतले. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरा ठिपका दिसत असेल आणि सगळीकडूनच सारखे विरळ होत असतील तर बहुधा तेच, साधारण सहा महिन्यांत थांबतं आणि केस परत येतात, तेल-शाम्पूवर पैसे घालवू नका. नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला असेल किंवा डोक्याची कातडी लाल होऊन खाजत असेल तर मात्र ही दुसरी भानगड, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि फेरिटिन, थायरॉइड तुम्हीही बघून घ्या, नाहीतर शंकासुर येतीलच.

---

शंकासुर

आलो होतो, तुम्ही आधीच लिहिलंत.